सातवं भोक

नार्व्याहून सकाळची फेरी.
पिशवीत आरी, दाभण, मेणवलेला दोरा
आणि बाबांची भोकं पाडायची चिमटी,
जिच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्याची खळी आहे.
माझा अंगठा तिथे सैल पडतो.

दिवाडीला दुमिंग धक्क्यावरच उभा.
साज त्याच्या आजोबांच्या वेळचा,
उंच घोड्याचा.
मिरीच्या अंगावर तो असा लोंबला
की थोरल्या भावाची पँट घालून
कुणी शाळेत निघालंय.

मिरी कोल्हापूरकडची, टेंपोतून आलेली.
चार वर्षांची, पोटाखाली काळे ठिपके.
मी सुंभानं माप घेतलं : छाती, पाठ,
तिथून शेपटीच्या मुळापर्यंत.
माणसं मापाला पाय पुढे करतात आणि दुसरीकडे बघतात.
हिनं मान वळवून
माझ्या वेणीचा वास घेतला, नीट, शेंड्यापर्यंत.

तंगाला तीन भोकं. पेटीला दोन्हीकडे चार-चार.
दुमची लावताना शेपटीचा केस न् केस बाहेर काढला;
एक जरी दुमडून राहिला
तरी त्याचा हिशेब लाथेनं होतो.
नाकपट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत.
तीन गेली तर सैल, एकच गेलं तर पाप,
असं दुमिंग म्हणतो.

कडियाळ त्यानं काखेत धरून ऊबवलं,
त्यावर माडाच्या गुळाचं बोट फिरवलं.
पुढचे दात संपतात, दाढा सुरू व्हायच्या असतात,
मध्ये नुसती हिरडी. तिथे अंगठा घातला
की तोंड आपसूक उघडतं.
"देवानंच जागा ठेवलीय," तो म्हणाला.
जागा दिसली म्हणून लोखंड ठेवायचं का,
हे माझ्या ओठांवर आलं होतं.
पण मी भोकं पाडायला आले होते.

झापडं चढली आणि मिरीचं मागचं जग गेलं.
आता मागे फक्त आवाज :
जोतांना बांधलेला टायर जांभ्यावर खरखरतोय,
लांब राशी धरून दुमिंग चालतोय,
आपण आहोत हे तिला कळावं म्हणून सारखा बोलतोय.
बांधाच्या वळणावर त्यानं हाक दिली, "राव!"
ती पळायलाच लागली.
पुन्हा "राव!"
आणखी जोरात.
टायर उडतोय, दुमिंगची टोपी खाजनात.

परत आला तो माझ्यावरच. भोक चुकलंय, कुठेतरी टोचतंय.
मी सगळा साज उतरवला. अंगावर एक वळ नाही.
पट्टा मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा सुचलं :
तिकडे हिला जन्मापासून
"चल की राव" म्हणूनच हाकलली असणार.
याच्या कोकणीत राव म्हणजे थांब.
बिचारीनं तर दर वेळी ऐकलंच होतं.

दुमिंग खाली बसला. हसला नाही.
मोरकी धरून फिरवताना गेले पंधरा दिवस
तो तिला हट्टी म्हणत होता,
एकदा काठीनंही.

पडवीतून त्याची बहीण एस्पेरान्स,
जिच्या मोडक्या खुब्यासाठी हा सारा खटाटोप,
कारण स्कूटरवर बसवत नाही आणि चॅपेल लांब,
म्हणाली, "आमेन म्हण.
त्यावर सगळेच थांबतात."

"आमेन," दुमिंग म्हणाला, राशी हलकेच मागे.
तिसऱ्या फेरीला ती थांबली,
एक कान वळवून,
लाळेत गूळ.

नाकपट्टी अजून ढिली होती.
मी सातवं भोक पाडलं.
चामड्याची टिकली मातीत पडली, मसुराएवढी.
जुनी सहा तशीच राहिली, त्या उंच घोड्याची.
चामडं भरून येत नाही.

गाडी कुठाय, विचारलं.
खोपीत. तिच्यात कोंबडी बसलीय अंड्यांवर,
अजून अकरा दिवस.
तोवर टायर.